रंगप्रत

माझ्या कथेतली बाई पहिल्या पानावर 'ती' असते. दुसऱ्या पानावर ती बसपाशी जाते, आणि बस सुटेपर्यंत तिची 'मी' झालेली असते. काळाचंही तेच. 'ती स्टँडवर आली' असं मी नेटकं लिहिते आणि चार ओळी खाली बघावं तर 'बस सुटते आहे, मला काही दिसत नाही'. कुणाला दिसत नाही आणि कधी, काही पत्ता नाही. एका बाईला एका काळात आणि एका जागी धरून ठेवणं मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीही जमत नाही, हे गेल्या श्रावणापर्यंत मला माहीतच नव्हतं.

माहीत नव्हतं, कारण वीस वर्षं माझं लिखाण दादा टाइप करायचा.

दादा म्हणजे दिगंबर तांबवेकर, माझा थोरला भाऊ. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. कऱ्हाडात त्याचं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, निवृत्त मास्तरांचे कवितासंग्रह, जे येईल ते तो दहा बोटांनी, कीबोर्डकडे न बघता उतरवतो. मी डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासते. बावीस वर्षं तेच करते आहे, त्यामुळे स्वभावच तसा झाला आहे. कुणी गोड बोललं की आधी मला पाण्याची शंका येते. लग्न केलं नाही. दादाच्याच घरात माडीवर राहते आणि रविवारी फुलस्केपवर कथा लिहिते. पानं त्याच्या टेबलावर ठेवली की माझं काम संपायचं. तो टाइप करून संपादकांना पाठवायचा, दिवाळीला अंक घरी यायचा. अंकात माझी बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत 'ती' असायची आणि सगळं भूतकाळात, जागच्या जागी. मला वाटायचं, मी अशीच लिहिते.

मग पट्टी आली.

दिवाळी अंकांचं काय झालं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एकेका संपादकाकडे एका हंगामात चार-चार हजार कथा यायला लागल्या, त्यातल्या बहुतेक यंत्राने पाडलेल्या. वाचून ओळखता येईनात. दोन वर्षं काही अंकांनी कथाच छापल्या नाहीत. शेवटी संपादक मंडळी एकत्र बसली आणि ठरलं की कथेबरोबर रंगप्रत जोडायची, म्हणजे पट्टी बांधून टाइप केलेली प्रत.

ही पट्टी मुळात दवाखान्यांसाठी होती, विसराळूपणाचा आजार लवकर ओळखायला. ती कपाळावर बांधायची. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा तांबडा प्रकाश कवटीतून दोन-तीन सेंटिमीटर आत जातो आणि परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथं ताजं रक्त धावतं, आणि ताजं रक्त तो प्रकाश वेगळ्या तऱ्हेने शोषतं. एवढ्यावरून लिहिणारा माणूस विचार करतोय की नुसतं समोरचं उतरवून काढतोय, ते कळतं. उतरवलेल्याला रंग चढत नाही. आम्हा लेखकांसाठी एवढं पुरेसं होतं.

पण पट्टी त्याहून जास्त सांगायची, आणि तिथंच घोळ झाला. आठवणं आणि कल्पना करणं यांना मेंदू जवळपास एकच यंत्रणा वापरतो. फरक बारीक असतो. खऱ्या आठवणीबरोबर न मागितलेला माल येतो, कसला तरी वास, उन्हाची तिरीप, दुखणं. आणि डोळे. माणूस खरं काही आठवतो तेव्हा त्याचे डोळे समोरच्या रिकाम्या जागेत तिथंच जातात जिथं ती वस्तू तेव्हा होती. पट्टीवरचा बारीक कॅमेरा ते टिपतो, बोटांची लय टिपतो, आणि सगळ्याचा मेळ घालून वाक्यांना रंग देतो. कल्पनेतलं निळं. अनुभवलेलं गेरवं, आपल्या गेरूसारखं.

नियम असा होता की लेखकाने स्वतः पट्टी बांधून स्वतः टाइप करायचं. म्हणजे दादाची सुट्टी झाली.

त्याला ते आवडलं नव्हतं. "कपाळावर हवालदार बसवून कुणी कथा लिहितं का?" तो म्हणाला होता. दुकानात त्याने स्वतः चार पट्ट्या भाड्याने द्यायला ठेवल्या होत्या, तालुक्यातले निम्मे लेखक त्याच्याकडूनच शिकून जायचे. मला मात्र म्हणाला, "तू नको त्या भानगडीत पडू. बिनपट्टीचे अंक आहेत की दोन-चार." मला वाटलं, माझं टायपिंग गेलं म्हणून बिचाऱ्याला वाईट वाटतंय.

कथा होती घर सोडून जाणाऱ्या एका बाईची. नवरा आहे, मुलं आहेत, आणि एके दिवशी ती पिशवी भरून बसने निघून जाते. ही बाई मी साफ बनवलेली होती. तिची धाकट्या मुलीवरची माया दाखवायला मात्र मी माझी आई वापरली. मी चार वर्षांची असताना आई काविळीने गेली. तिच्या माझ्यापाशी मोजून सहा आठवणी आहेत. त्यातल्या तीन कथेत घातल्या. आई पुढ्यात बसवून तेल लावून वेणी घालतेय ती. भाकरीचा पापुद्रा काढून त्यावर लोणी देतेय ती. आणि उन्हात वाळत घातलेल्या गोधडीच्या आडून भोऽ करतेय ती.

दोन बोटांनी टाइप करताना माझं खरं रूप उघडं पडलं. वेणीचा प्रसंग लिहायला घेतला की बाई 'ती' राहायचीच नाही, मुलगी 'तू' व्हायची: 'तू आईच्या पुढ्यात बसली आहेस.' मी ते खोडून 'मुलगी बसली होती' करायची, पुढच्या ओळीत पुन्हा 'तू'. आणि स्टँडच्या प्रसंगात सगळं 'मी' आणि 'आहे'. सहा वेळा लिहिलं. सातव्यांदा वैतागून तसंच पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. कुंदा पारसनीस, पुण्याच्या. बाई सरळ आहेत, कुणाची भीड ठेवत नाहीत.

"वैजयंताबाई, कथा चांगली आहे. काळाचा आणि निवेदनाचा सगळा खिचडा आहे, तो निस्तरा. पण मला दुसरंच विचारायचंय. तुम्ही प्रस्तावनेच्या चिठ्ठीत लिहिलंय की आईचे प्रसंग खरे आहेत आणि निघून जाणं काल्पनिक."

"हो."

"मग तुमचे रंग उलटे आलेत."

मी रंगप्रत उघडली. तोपर्यंत मी ती बघितलीच नव्हती, टाइप करतानाही रंग झाकून ठेवले होते, आपलंच लिहिलेलं काय बघायचं. वेणी निळी होती. लोणी निळं. गोधडी तर अशी निळीशार की डोळ्यांत भरावी. आणि स्टँडची दोन पानं गेरवी. उसाच्या रसाच्या चरकाचं घुंगरू, डिझेलचा वास, बाईच्या हातातली हिरवी-पांढरी नायलॉनची पिशवी, आणि मुलीचं मनगट कुणीतरी दुखेल इतकं घट्ट धरलेलं.

मला पहिल्यांदा हसू आलं. मग मी जे कुठल्याही नमुन्याचं करते तेच केलं, पुन्हा तपासलं. पट्टी बांधली आणि लिहिलं, 'मी चंद्रावर उभी आहे, माझ्या चपलेत धूळ जाते आहे.' निळं. म्हणजे 'मी' आणि 'आहे' लिहिलं म्हणून गेरवं होत नाही. मग लिहिलं, 'तिने बुधवारी एकतीस नमुने तपासले, दोन नासले होते.' गेरवं. म्हणजे 'ती' आणि 'होते' लिहून खरं लपत नाही. मग आईची चौथी आठवण लिहिली, जी मी कुणालाच कधी सांगितलेली नाही, आजारपणात कपाळावर ठेवलेल्या हाताची. निळी.

कंपनीच्या मदतक्रमांकावर एक समजूतदार मुलगी होती. ती म्हणाली, "शंभरात तीन-चार वाक्यं चुकतात, मॅडम. पण सलग दोन पानं चुकत नाहीत."

"चार वर्षांच्या पोराचं आठवतं का?"

"चांगलं नाही आठवत. पण फार घाबरलं असेल तर तेवढा तुकडा राहतो."

"आणि निळं? मला लहानपणापासून ते डोळ्यांपुढे दिसतंय."

"कुणी वारंवार सांगितलेलं असेल. ऐकलेलं चित्र आपण मनात तयार करतो ना, मॅडम, म्हणून ते निळंच येतं."

फोन ठेवला आणि मी बराच वेळ पट्टी हातात घेऊन बसले. मला सांगणारं माणूस जगात एकच होतं. वडील साखर कारखान्यावर पहारेकरी, दिवसाला दहा शब्द बोलायचे, ते मी बारा वर्षांची असताना गेले. मला वाढवलं दादाने. शाळा सोडून तो छापखान्यात खिळे जुळवायला लागला, माझ्या फिया भरल्या, माझे केससुद्धा त्यानेच विंचरले. मला आयुष्यात दोनच माणसं होती, एक मेलेली आई आणि एक जिवंत भाऊ. त्यातलं एक खोटं निघणार होतं, आणि कुठलं ते मला बघायचं नव्हतं. पण भेसळीचा वास आल्यावर झाकण लावून गप्प बसणं माझ्याच्याने होत नाही.

माझी जुनी फुलस्केपं माडीवर ट्रंकेत आहेत. छापलेले अंकही तिथंच आहेत. वीस वर्षांत मी ती दोन्ही शेजारी ठेवून कधी वाचली नव्हती. छापून आलेली आपलीच कथा वाचायला मला लाज वाटते. त्या रविवारी सकाळी जमिनीवर मांडून बसले.

काळ त्याने नीट केला होता, पुरुष नीट केला होता. ते ठीकच. पण एका कथेत मी लिहिलं होतं, 'बाई पिशवी घेऊन स्टँडवर उभी राहिली.' अंकात होतं, 'बाईने पिशवी खुंटीला अडकवली आणि चुलीपाशी बसली.' सात वर्षांनंतरच्या कथेत माझी एक बाई बसच्या पायरीवर पाय ठेवते. अंकात ती देवळाच्या पायरीवर पाय ठेवते. असे पाच प्रसंग सापडले. पाच वेगवेगळ्या कथा, पाच वेगवेगळ्या बायका, आणि प्रत्येकीच्या हातात पिशवी. मला पत्ताही नव्हता की मी तीच बाई पुन्हा पुन्हा लिहिते आहे. त्याला होता.

खाली शैलावहिनी अळूची पानं निवडत होती. पितृपक्ष लागला होता. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, नवमीला आपल्याकडं आईचं पान का नाही हो वाढत?"

नवऱ्यामागे राहिलेल्या बाईचं नव्हे, नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं पान अविधवा नवमीला वाढतात. आमच्या गल्लीत घरोघर वाढतात. आई वडिलांच्या आधी गेली, मग तिचंही वाढायला हवं. लहानपणी मी विचारलं होतं तेव्हा दादा म्हणाला होता, आईला असलं आवडायचं नाही. मेलेल्या माणसाच्या आवडीनिवडी मी तेव्हा मुकाट मान्य केल्या होत्या.

वहिनीचे हात थांबले. "वन्सं, ते तुम्ही ह्यांनाच विचारा."

"तुम्हाला माहीत नाही?"

"मी या घरात आले त्या वर्षी सगळा स्वयंपाक केला होता. ह्यांनी पान उचलून ठेवलं. म्हणाले, आपल्यात नाही करायचं. बास. ह्यांनी मला काही सांगितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही." तिने देठ मोडला. "तुम्हीसुद्धा विचारू नका, असं मला वाटतं. पण तुम्ही काय ऐकणार नाही."

मी ऐकलं नाही. पट्टी आणि टॅब पिशवीत टाकला आणि दुकानात गेले.

रविवारी दुपारी दुकान अर्धं उघडं असतं. दादा एकटाच होता, कुणाच्यातरी एकसष्टीची पत्रिका जुळवत. त्याच्या समोर मी दोन फुलस्केपं आणि दोन अंक ठेवले, बोट ठेवून दाखवलं. स्टँड आणि खुंटी. बसची पायरी आणि देवळाची पायरी.

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पट्टीनं सांगितलं व्हय?"

"पट्टीनं एवढंच सांगितलं की स्टँड खरं आहे. बाकी तू सांग. आई काविळीनं गेली का?"

"नाही."

इतकं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. मी मनात वीस प्रश्न रचून आले होते, ते सगळे वाया गेले.

"निघून गेली," तो म्हणाला. "तू चार वर्षांची होतीस. कुठं गेली ते माहीत नाही. अप्पांनी शोधलं नाही. मी मोठा झाल्यावर दोन-तीन ठिकाणी जाऊन आलो, हुबळीपर्यंत. काही कळलं नाही. आता ती आहे की नाही, तेही माहीत नाही. जिवंत माणसाचं पान कसं वाढू मी?"

"आणि वेणी? लोणी?"

"मी सांगायचो तुला. सकाळी केस विंचरताना. तू रडायचीस, आई कुठंय म्हणून. मग मी म्हणायचो, डोळे मीट, तू आईच्या पुढ्यात बसलीयस, आई तेल लावतीय. मग तू गप बसायचीस. वेणी होईपर्यंत एखादं काहीतरी सांगायचो." तो जरा ओशाळल्यासारखा झाला. "गोधडीचं एका धड्यात होतं. मराठीच्या."

म्हणजे वेणी घालणारे हात त्याचेच होते आणि मी ते आईच्या नावावर मांडून ठेवले होते. मला भडभडून यायला हवं होतं. खरं सांगते, आलं नाही. मला राग आला होता आणि रागाच्या आत संशय तसाच होता. बेचाळीस वर्षं जो माणूस इतकं बेमालूम मिसळतो, तो आत्ता मिसळत नसेल कशावरून?

"आणि कथांत हात का घातलास?"

"दर दोन-चार कथांनी ती पिशवी घेऊन उभी राहायची, वैजू. मला वाटायचं, एक दिवस तू छापलेलं वाचशील आणि तुला आठवेल. म्हणून दर वेळी मी तिला घरात घ्यायचो."

"स्टँडवर माझं मनगट कुणी धरलं होतं?"

त्याने पत्रिका बाजूला सारली.

"मी," तो म्हणाला. "तुला न्यायची होती तिला. तुझ्यासाठीच थांबली होती. मी तुला सोडलं नाही."

ते ऐकलं आणि माझ्या तोंडातून जे शब्द आले ते मला अजून आठवतात. मी म्हणाले, "म्हणजे तुझ्यामुळं मी बिनआईची वाढले."

"होय," तो म्हणाला. "माझ्यामुळं."

त्याने जरा तरी सावरून घेतलं असतं, मी पंधरा वर्षांचा होतो, घाबरलो होतो, असं काही म्हटलं असतं, तर मी कदाचित तिथंच थांबले असते. त्याने पूर्ण कबूल केलं. आणि शंभर टक्के शुद्ध नमुना हातात आला की मी तो दुसऱ्यांदा तपासणीला लावते. मी पिशवीतून पट्टी काढून त्याच्या कीबोर्डवर ठेवली.

"लिहून दे," मी म्हटलं.

त्याने पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ज्याने मला वाढवलं त्याच्या कपाळाला मी यंत्र लावायला सांगत होते. मला त्याची लाज वाटत होती आणि तरीही मी हात मागे घेतला नाही.

"वैजू, हे नको," तो हळू म्हणाला.

"का नको?"

त्याने पट्टी घेतली, बांधली, मागचा पट्टा सराईतपणे आवळला. टॅब माझ्या हातात होता, त्याला दिसत नव्हता. तो टाइप करायला लागला. नेहमी त्याची बोटं सरसर पडतात, त्या दिवशी एकेक वाक्य संपवून थांबत होती. माझ्या पडद्यावर वाक्य आधी काळं उमटायचं आणि दोन-तीन सेकंदांनी त्याला रंग चढायचा.

'गुरुवार होता, बाजाराचा दिवस.' गेरवं.

'मी शाळेतून आलो तर वैजू शेजारच्या काकूंकडे होती आणि आईची पिशवी खुंटीला नव्हती.' गेरवं.

'मी वैजूला काखेत मारून स्टँडपर्यंत पळालो.' गेरवं.

'आई हुबळीच्या गाडीपाशी उभी होती.' गेरवं.

'आईने वैजूला न्यायला हात पुढे केला.'

हे वाक्य काळंच राहिलं. मला वाटलं, यंत्र अडकलं. मग ते निळं झालं. स्वच्छ निळं, कडेपर्यंत.

'मी वैजूचं मनगट धरलं ते सोडलं नाही.' गेरवं.

'गाडी गेली. वैजू गाडीमागे जायला ओढत होती.' गेरवं.

'घरी आणून तिला दूधभाकरी कुस्करून दिली.' गेरवं.

त्याने हात मांडीवर घेतले. मी त्या एका निळ्या ओळीकडे बघत राहिले. शंभरात तीन-चार वाक्यं चुकतात, हे मला आठवलं, पण मी इतके नमुने बघितले आहेत की कुठला चुकलेला आणि कुठला भेसळीचा, ते मला रंगावरून कळतं. आईने हात पुढे केलाच नव्हता. ती मला न्यायला थांबली नव्हती. ती मला शेजारी ठेवून गेली होती, आणि पंधरा वर्षांचं ते पोर मला काखेत घेऊन तिच्यापुढे जाऊन उभं राहिलं होतं, की हिला बघून तरी आई थांबेल. ती थांबली नाही. मी तिच्या गाडीमागे धावत होते म्हणून त्याने मला धरलं होतं.

कधीतरी मला कळणार, हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवसासाठी त्याने हे एक वाक्य जपून ठेवलं होतं. आईला मी नको होते, हे मला कळण्यापेक्षा माझा राग त्याने स्वतःवर घ्यायचं ठरवलं होतं. आणि मी तो राग त्याच्या तोंडावर फेकून मोकळी झाले होते.

"काय रंग आला?" त्याने विचारलं. मान वर केली नाही.

बावीस वर्षांत मी एकही अहवाल खोटा दिलेला नाही. वहिनीच्या भावाच्या दुधाचा कॅनसुद्धा ओतून दिला आहे.

"गेरवं," मी म्हटलं. "पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं गेरवं."

तो हलला नाही. बनवलेल्या वाक्याला कुठला रंग चढतो, हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं, गावातल्या निम्म्या लेखकांना त्यानेच शिकवलं होतं. बऱ्याच वेळाने त्याने पट्टी सोडली. कपाळावर तिचा वळ उठला होता. त्याने तो तळहाताने चोळला आणि तोच हात डोळ्यांवरून फिरवला.

"मशीन बरं आहे म्हणायचं मग," तो म्हणाला.

"बरं आहे."

मी टॅबवरची प्रत पुसून टाकली. आता मला भडभडून आलं. मी तोंड फिरवून पत्रिकांच्या नमुन्यांकडे बघत उभी राहिले, आणि तो उठून माठातलं पाणी घेऊन आला. दोघं एकाच तांब्यातून प्यालो.

"कथेचं काय करतीयस?" त्याने विचारलं. "पारसनीसबाई वाट बघत असतील."

"त्यांना नाही म्हणून कळवते. बिनपट्टीच्या अंकाला देऊ. तूच टाइप कर."

"स्टँड ठेवू?"

"ठेव. या वेळी तिला घरात घेऊ नको."

त्याने माझी पानं पुढ्यात ओढली, चष्मा नाकावर सरकवला. पहिल्या ओळीवर बोट ठेवून तसाच थांबला.

"आणि ते हात पुढं केल्याचं," तो म्हणाला. "ते तुझ्या पानांत नाही."

"राहिलं माझ्याकडून," मी म्हटलं. "तू घाल."